अँप बदलला तरी तीच रड: कमी ओहमचे जुने स्पीकर आणि सारखा पडणारा रिले

हळू आवाजात सगळं छान चालतं. आवाज जरा वर नेला आणि बास ड्रमचा जोरकस ठोका आला, की अँपच्या (अँप्लिफायरच्या) आत ‘टक्’ होतं, म्हणजे स्पीकर तोडणारा संरक्षणाचा रिले पडतो, लाल दिवा लागतो आणि स्पीकर गप्प. थोड्या वेळाने अँप आपोआप सुरू होतो, पुढच्या ठोक्याला पुन्हा बसतो. ६० वॅट कमी पडतायत असं समजून १०० वॅटचा अँप येतो. त्याचंही तेच होतं, किंवा तो रिलेच्या भानगडीत न पडता सरळ फ्यूज उडवतो. शेवटी स्पीकरांवर ‘जड आहेत’ असा शिक्का बसतो आणि ते धूळ खात पडतात.

घोळ वॅटच्या आकड्यात आहे. तो बहुतेक वेळा ८ ओहमवरचा असतो. तुमचा स्पीकर ८ ओहमचा नाही, आणि त्याच्या मागच्या पट्टीवर ४ छापलेलं असलं तरी तो सगळ्या सुरांना ४ ओहमचा राहत नाही. इम्पीडन्स, म्हणजे स्पीकरचा प्रवाहाला होणारा ओहममधला अडथळा, सुराच्या वारंवारतेनुसार चढत-उतरत असतो. तो कुठे आणि किती खाली जातो हे कळेपर्यंत अँप निवडणं म्हणजे नुसतं अंदाजपंचे. म्हणून इथे खरेदीचा विषय शेवटी घेतला आहे; आधी स्पीकर.

आधी लक्षण नीट बघा

अँप कधी बसतो यावरूनच अर्धं निदान होतं. ठोक्याला लगेच बसत असेल तर प्रवाह मर्यादेबाहेर जातोय. अर्धा-पाऊण तास व्यवस्थित चालून मग बसत असेल आणि हीटसिंकला हात लावता येत नसेल, तर उष्णतेचा प्रश्न. स्पीकरच्या वायरी काढूनही रिले लागत नसेल तर दोष अँपमध्येच आहे, बहुधा आउटपुटला डीसी (एकाच दिशेचं व्होल्टेज) येतोय. पुढचं सगळं सोडून आधी तो दुरुस्त करा.

जुन्या काही अँपमध्ये रिले पडतच नाही. त्यांतलं संरक्षण सर्किट आउटपुट ट्रान्झिस्टरचा प्रवाह क्षणभर तोडतं आणि ठोक्यावर कचकच किंवा टरटर ऐकू येते. हा प्रकार जास्त वाईट. वूफर (खर्जाचा स्पीकर) आणि क्रॉसओव्हरच्या (सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या) कॉइलमधला प्रवाह असा अचानक तुटला की व्होल्टेजचा उलटा झटका बसतो आणि तो ट्वीटरला (वरच्या सुरांच्या स्पीकरला) सोसावा लागतो. लोक याला ‘स्पीकर फाटला’ म्हणतात आणि वूफर उघडून बसतात.

मग दोन साध्या चाचण्या. पहिली: अँप बंद करून डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करा. दोष स्पीकरबरोबर सरकला तर तो स्पीकर, जागेवर राहिला तर अँपचा तो चॅनल. दुसरी मला जास्त आवडते, कारण तिला कुठलंच उपकरण लागत नाही. प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये १५० हर्ट्झच्या खालचा भाग पूर्ण उतरवा आणि तेच गाणं, व्हॉल्यूमच्या त्याच खुणेवर लावा. अँप आता बसत नसेल तर खड्डा, म्हणजे इम्पीडन्स फार खाली उतरतो ती जागा, खर्जात आहे. तरीही बसत असेल तर मधल्या किंवा वरच्या पट्ट्यात बघावं लागेल. दहा मिनिटांत होणारं हे काम लोक करत नाहीत आणि नवीन अँप मात्र घेऊन येतात.

अँपवर नक्की काय येतं

व्हॉल्यूमच्या बटणाने अँपचं व्होल्टेज ठरतं. प्रवाह किती ओढायचा ते स्पीकर ठरवतो. ८ ओहमला ५० वॅट देणारा अँप २० व्होल्ट देतो, म्हणजे शिखराला सुमारे २८. या २८ व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर साडेतीन अँपिअर ओढतो, ४ ओहमचा ७, २ ओहमचा १४ आणि १ ओहमचा २८ अँपिअर. बटण तेवढंच फिरवलेलं, कानाला आवाजही फार वाढलेला नाही, पण ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्झिस्टरांवरचा भार आठपट झालेला. साधारण रिसीव्हरमधली ट्रान्झिस्टरची एकुलती जोडी इथेच हात टेकते.

इतक्यावरही भागत नाही. स्पीकर म्हणजे नुसता रोधक नव्हे. त्यात कॉइल आणि कंडेन्सर असतात, त्यामुळे व्होल्टेज आणि प्रवाह एका पावलावर चालत नाहीत. प्रवाह भरपूर वाहतोय आणि त्याच क्षणी ट्रान्झिस्टरवर पुरवठ्याचं जवळजवळ सगळं व्होल्टेज उभं आहे, असे क्षण येतात. ही सगळी ऊर्जा स्पीकरमध्ये न जाता ट्रान्झिस्टरमध्येच उष्णता होते. क्लास बी आउटपुटचं (लाटेचे दोन अर्धे भाग दोन ट्रान्झिस्टर वाटून घेतात त्याचं) गणित मांडलं तर फेज, म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाहातलं हे अंतर, ३० अंशांनी सरकली असताना ट्रान्झिस्टरला स्पीकर निम्म्या ओहमचा असल्यासारखा वाटतो, ४५ अंशांना साधारण एक-तृतीयांश. म्हणजे ४ ओहम आणि ४५ अंश हे ट्रान्झिस्टरच्या दृष्टीने १.४ ओहमच्या रोधकाइतकं जड काम. ब्रिटिश ऑडिओ लेखक कीथ हॉवर्ड यांनी यालाच ईपीडीआर (इक्विव्हॅलंट पीक डिसिपेशन रेझिस्टन्स) म्हणून मांडलं. परीक्षणांमध्ये इम्पीडन्सच्या रेषेबरोबर फेजची तुटक रेषा दिलेली असते ती याचसाठी. दोन्ही रेषा एकत्र वाचा. इम्पीडन्स कमी असताना फेज शून्याजवळ असेल तर निम्मं संकट टळलेलं असतं.

मागच्या पट्टीवरच्या आकड्यालाही नियम आहे. आयईसी ६०२६८-५ नुसार किमान इम्पीडन्स छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरने ३.२ च्या खाली उतरायचं नाही. जुन्या स्पीकरांपैकी कितीतरी हा नियम खुशाल मोडतात. यामागे विक्रीचंही गणित होतं. अँपचं व्होल्टेज तेच ठेवून इम्पीडन्स निम्मा केला की स्पीकर दुप्पट वॅट ओढतो आणि दुकानात शेजारच्यापेक्षा ३ डेसिबल मोठा वाजतो. छोट्या बंद पेटीतून खोल खर्ज काढायचा तर वूफरचा कोन (पडदा) जड लागतो, संवेदनशीलता (तेवढ्याच व्होल्टेजला मिळणारा आवाज) घसरते, आणि ती भरून काढायचा हा सोपा रस्ता. बिल अँपने भरायचं.

सगळे खड्डे सारखे नसतात

कुठल्याही माहितीपत्रकात न सापडणारी ही बाब, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. खड्डा किती खोल यापेक्षा तो कुठे आहे हे आधी बघावं.

क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पातळ पडद्याचा) स्पीकर २० किलोहर्ट्झच्या आसपास २ ओहमच्याही खाली जातो. ऐकायला भयंकर वाटतं, पण संगीतात तिथे ऊर्जाच नगण्य असते. खर्जात त्याचा इम्पीडन्स ३० ओहमच्या आसपास असतो. क्वाडचाच १५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप तो आरामात चालवत असे. याच्या उलट इन्फिनिटीचा १९८० च्या दशकातला कॅपा ९. त्याच्या मागे खर्जासाठी एक स्विच असतो आणि तो ‘एक्स्टेंडेड’वर ठेवला की खर्जातला इम्पीडन्स १ ओहमच्याही खाली उतरतो, म्हणजे नेमका ड्रम आणि बास जिथे सगळी ताकद लावतात तिथे. या स्पीकरच्या मालकांसाठी पहिला उपाय फुकटचा आहे: स्विच ‘नॉर्मल’वर करा. बऱ्याच खोल्यांत खर्ज तसाही पुरून उरतो.

अपोजीचा सिंटिला हा तिसरा प्रकार. त्याच्या रिबनचा (धातूच्या पातळ पट्टीच्या पडद्याचा) भार १ ओहमच्या जोडणीत जवळपास शुद्ध रोधकासारखा असतो. फेज त्रास देत नाही, पण प्रवाह मात्र अखंड हवा. एआर-३ए सारखा १९६७ चा बंद पेटीतला ४ ओहमचा स्पीकर या सगळ्यांपुढे गरीब गाय. त्याची अडचण इतकीच की संवेदनशीलता कमी असल्याने लोक आवाज वाढवत जातात आणि कमकुवत रिसीव्हर तापतो. आणि केईएफ १०४/२ तर मुद्दाम उलट दिशेने गेला: क्रॉसओव्हरमध्ये जास्तीचे भाग घालून त्यांनी इम्पीडन्स जवळजवळ सपाट ४ ओहम करून ठेवला. ४ ओहम झेपणाऱ्या कुठल्याही बऱ्या अँपला तो चालतो. ‘जुना’ आणि ‘४ ओहम’ एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

तुमचा स्पीकर मुळात असाच आहे, की बिघडलाय?

चाळीस-पन्नास वर्षांत स्पीकरबरोबर बरंच काही झालेलं असतं. आधीच्या मालकाने वूफर बदलताना ८ ओहमच्या जागी ४ चा बसवला असेल. व्हॉइस कॉइलचे काही वेढे आपसांत चिकटले असतील. टर्मिनलमागे वायरचा एखादा तंतू शेजारच्याला टेकत असेल; हा तर सगळ्यात आधी बघायचा.

अँपच्या वायरी काढून मल्टिमीटरने दोन्ही स्पीकरचा डीसी रोध घ्या. मल्टिमीटरची टोकं एकमेकांना लावून जो आकडा येतो तो वजा करा, नाहीतर या पातळीवर वाचन फसवं येतं. ४ ओहमच्या स्पीकरला साधारण ३ ते ३.५ अपेक्षित. डाव्या-उजव्यात अर्ध्या ओहमहून जास्त फरक दिसला तर पेटी उघडावी लागणार.

क्रॉसओव्हरमधले बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वयोमानाने वाहवतात: किंमत बदलते, आतला रोध वाढतो. ते पूर्ण शॉर्ट होणं क्वचित, पण झालंच तर ट्वीटर खर्जाच्या तोंडी जातो आणि जळतो. इथे एक गंमत आहे. ज्या कंडेन्सरची शाखा सिग्नलला आडवी (धन आणि ऋण टोकांच्या मध्ये) लागलेली असते, तिथे जुन्या कंडेन्सरचा आतला रोध खड्ड्याला थोडं पॅडिंग देत असतो. कोणी हौसेने सगळीकडे उंची फिल्म कंडेन्सर आणि जाड तारेच्या कॉइल घातल्या की ते पॅडिंग जातं आणि खड्डा आणखी खोल होतो. ‘कंडेन्सर नवे टाकल्यापासून अँप बसायला लागला’ ही तक्रार खोटी नसते. मूळ भागांचा रोध किती होता ते बघून छोटा रोधक मालिकेत घातला की काम होतं.

इम्पीडन्स घरच्या घरी मोजणं

डीसी रोधावरून खड्डा दिसत नाही. तो क्रॉसओव्हर आणि दोन-दोन वूफर मिळून तयार करतात. त्यासाठी अँपच्या धन टोकापासून स्पीकरपर्यंत मध्ये १०० ओहम, ५ वॅटचा रोधक मालिकेत टाका. फोनवरच्या टोन जनरेटरमधून शुद्ध सूर द्या आणि अँपचा आउटपुट ८-१० व्होल्टवर आणा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी स्पीकरवरचं आणि मग रोधकावरचं व्होल्टेज घ्या. पहिल्याला दुसऱ्याने भागून १०० ने गुणलं की त्या वारंवारतेचा इम्पीडन्स आला. स्पीकरवर ०.२८ व्होल्ट आणि रोधकावर ९.३ असतील तर ३ ओहम. स्वस्त मल्टिमीटर काहीशे हर्ट्झच्या वर एसी नीट दाखवत नाही, पण दोन्ही वाचनं त्याच सुराची आणि त्याच मीटरची असल्याने चूक बरीचशी एकमेकांना खाऊन टाकते.

२० हर्ट्झपासून सुरू करून ५० ते २०० च्या पट्ट्यात पावलं लहान ठेवा. खर्जातले वाईट खड्डे बहुतेक तिथेच सापडतात. दोन्ही स्पीकर मोजा. त्यांच्या रेषा जुळल्या तर स्पीकर मुळात तसाच आहे असं धरायला हरकत नाही. न जुळल्या तर अँपचा विचार सोडा आणि वेगळ्या वागणाऱ्या पेटीचे स्क्रू काढा. संगणकावर रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर वापरलं तर फेजची रेषाही मिळते. मात्र ब्रिज आउटपुटच्या (दोन चॅनल एकत्र जोडून एकच स्पीकर चालवणाऱ्या) अँपचं ऋण टोक जमिनीला जोडलेलं नसतं. साउंडकार्डचं ग्राउंड त्याला लावलंत तर अँप जाईल.

जे उपाय उपाय नसतात

ब्रिज करणं हा सगळ्यात महागात पडणारा. दोन चॅनल जोडून वॅट वाढतात खरे, पण प्रत्येक चॅनलला स्पीकरचा निम्माच इम्पीडन्स दिसतो. २ ओहमच्या खड्ड्याचा १ ओहम होतो.

ए आणि बी दोन्ही जोड्या एकत्र चालवणं हेही तेच, कारण बहुतेक अँपमध्ये त्या समांतर लागतात. एका वेळी एकच जोडी लावा.

अँपच्या मागचा ‘४ ओहम’ स्विच बऱ्याच रिसीव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मरचा कमी व्होल्टेजचा टॅप घेतो. अँप कमी तापतो, हे खरं. पण प्रवाह देण्याची ताकद त्याने वाढत नाही, उपलब्ध व्होल्टेज तेवढं घटतं आणि अँप लवकर क्लिप होतो, म्हणजे लाटेची शिखरं कापली जातात. क्लिपिंगचा मार पुन्हा ट्वीटरलाच. स्पीकरच्या बाय-वायर टर्मिनलवर दोन अँप लावल्याने खर्जातला खड्डा भरत नाही. खर्जाचा अँप तो खड्डा जसाच्या तसा बघत असतो.

स्पीकरला मालिकेत २ ओहमचा जाड रोधक लावायचा सल्लाही सतत दिला जातो. रिले पडायचा थांबतो, यात शंका नाही. पण २ ओहमच्या खड्ड्यात निम्मं व्होल्टेज रोधकावर जळतं, म्हणजे तिथे ६ डेसिबल गायब, आणि जिथे इम्पीडन्स २० आहे तिथे एक डेसिबलही नाही. स्पीकरचा मूळ स्वभावच बदलला. वूफरवरचा अँपचा ताबा सुटतो आणि खर्ज ढिसाळ होतो तो वेगळाच. पातळ वायरही लहान प्रमाणात हेच करते. ५ मीटर अंतरावर १.५ चौरस मिमी तांब्याची जोडी जाऊन-येऊन ०.१२ ओहमच्या आसपास भरते. २ ओहमच्या खड्ड्यात त्याने अर्धा डेसिबल जातो. २.५ किंवा ४ ची वायर घ्या आणि तो विषय तिथेच संपवा.

मग अँप कसा निवडायचा

माहितीपत्रकात ८, ४ आणि २ ओहमचे तीन आकडे शोधा. ओहम निम्मे होताना वॅट दुप्पट होत असतील तर पुरवठा आणि आउटपुट दोन्ही भक्कम आहेत. क्रेलचा केएसए-५० हा ५०, १००, २०० असा जायचा. मार्क लेव्हिन्सनचा एमएल-२ तर ८ ओहमला फक्त २५ वॅटचा, पण ४ ला ५० आणि २ ला १००. शंभर वॅटचे रिसीव्हर जिथे बसत तिथे हा पंचवीस वॅटवाला उभा राहायचा. २ ओहमचा आकडा दिलेलाच नसेल आणि ४ ओहमचा ८ पेक्षा जेमतेम दहा-वीस टक्के जास्त असेल, तर कंपनीने न बोलता उत्तर दिलेलं आहे.

फक्त ‘डायनॅमिक’ २ ओहम वॅट दिले असतील तर ते काही मिलिसेकंदांचे असतात. बास ड्रमच्या एका ठोक्याला ते पुरतील, ऑर्गनच्या लांबवलेल्या सुराला नाही. वापरलेला अँप घेत असाल तर झाकण उघडून ट्रान्सफॉर्मरचा आकार आणि प्रत्येक चॅनलला आउटपुट ट्रान्झिस्टरच्या किती जोड्या आहेत ते बघा. जुन्या अँपची स्वतःचीही दुखणी असतात: वाळलेली थर्मल पेस्ट, सरकलेला बायस, सुकलेले फिल्टर कंडेन्सर. स्पीकर न लावता आउटपुटचा डीसी मोजा. तो ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. तो अँप ८ ओहमवर वर्षानुवर्षं चालला, याचा अर्थ २ ओहमवर आठवडाभर टिकेल असा होत नाही.

आजचे चांगले क्लास डी मॉड्यूल या कामाला खरोखर योग्य आहेत. २०-२५ अँपिअरचा शिखर-प्रवाह लहानशा डब्यात मिळतो आणि उष्णतेचा ताप नाही. एकच पाहावं: फीडबॅक (आउटपुट तपासून चूक सुधारणारा परतीचा सिग्नल) आउटपुट फिल्टरनंतर, स्पीकरच्या बाजूने घेतलेला असावा. तसा नसेल तर वरच्या पट्ट्यातला आवाज स्पीकरच्या इम्पीडन्सनुसार बदलतो, आणि इलेक्ट्रोस्टॅटिकसारख्या भाराला तर तो कुठेही जाऊ शकतो. व्यासपीठावरचे बरेच व्यावसायिक अँपही २ ओहम झेपतील असे बनवलेले असतात; फक्त त्यांचा पंखा शांत खोलीत ऐकू येतो.

व्हॉल्व्ह अँपला ४ ओहमचा टॅप (जोडणीचं टोक) वापरा, ८ चा नाही, मग पट्टीवर काहीही लिहिलेलं असो. तरीही अँपचा आउटपुट इम्पीडन्स १ ओहम असेल तर ३० ओहमच्या उंचवट्यावर काहीच जात नाही आणि २ च्या खड्ड्यात साडेतीन डेसिबल जातात. काहींना हा बदल गोड लागतो. अँप आणि स्पीकरच्या मध्ये ऑटोफॉर्मर (एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर) घालून २ ओहम अँपला ८ सारखे दाखवता येतात. मॅकिंटॉशने आपल्या कित्येक अँपमध्ये तो आतच बसवला. बाहेरून लावायचा असेल तर अँपच्या आउटपुटला डीसी अजिबात नको, कारण ऑटोफॉर्मरची गुंडाळी डीसीसाठी जवळजवळ शॉर्टच.

आणि क्वाडचा तो १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक असेल तर वरचा सगळा सल्ला उलटा लावायचा. त्याला प्रवाहाची भूक नाही, व्होल्टेजची भीती आहे. ३३ व्होल्ट शिखरापेक्षा जास्त दिलं तर आत ठिणग्या पडून पॅनेल जळतं. ८ ओहमला ५० वॅटच्या अँपचे २८ व्होल्ट चालतात. शंभरचे ४० नाही. कॅपा ९ साठी आणलेला भारी अँप सहज म्हणूनही त्याला जोडू नका. मोठा अँप लावायचाच असेल तर आधी पॅनेलला व्होल्टेज मर्यादित करणारं क्लँप सर्किट बसवून घ्या.